चाकोरी सोडू नको

परवा बायकोनं मशीनमधून माझे जाड मोजे बाहेर काढले आणि बोटाला कायतरी टोचलं म्हणून ओरडली. बघितलं तर भुरट. अजून! मोटरसायकल रॅलीवरनं येऊन सात आठवडे झाले, मोजे दहा वेळा तरी धुतले असतील, पण ते बारीक काटेरी दाणे विणीत घुसून बसलेत ते बसलेतच. भुरट म्हणजे राजस्थानातलं गवत, आपल्या कुसळाचा थोरला भाऊ म्हणा. कुसळ निदान सरळ असतं, हे गोल, चारी बाजूंनी काटे, एक काढायला जावं तर दोन बोटाला चिकटतात. तिकडची जुनी माणसं दुष्काळात ह्याचेच दाणे कुटून खायची म्हणे. बायकोनं तो दाणा चिमटीत धरून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "हे घ्या तुमचं बक्षीस."

तर त्या बक्षिसाबद्दल लिहावं म्हणतोय बरेच दिवस, आज दुकान बंद आहे तर लिहितो.

पहिलं सांगतो, मी काय रेसर बिसर नाही. सांगलीत माझं फवारणी पंपांच्या स्पेअरचं दुकान आहे, नोझल, वॉशर, पाइप, ब्लोअरचे पार्ट असलं सगळं. गिऱ्हाईक म्हणजे तासगाव, मिरज, पलूसकडचे द्राक्षवाले. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जेवायला फुरसत नसते आणि फेब्रुवारीत माल तोडणीला आला की जरा श्वास घ्यायला मिळतो. वय बेचाळीस, पोट थोडं, बीपीची गोळी अजून चालू नाही एवढंच.

वेड कुठनं लागलं ते मात्र नक्की सांगता येतं. २०१५ चा जानेवारी. दुकानात गर्दी नव्हती, मोबाइलवर बातमी वाचली की बेंगळुरूचा सी. एस. संतोष डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला. छत्तिसावा! आपल्याकडं छत्तिसावा आलेल्या पोराला घरात कोण पाणी विचारत नाही आणि इथं त्याची बातमी. म्हणलं ही काय भानगड आहे बघू. बघायला बसलो ते रात्री दोनला उठलो, आणि त्या दिवसापासून दरवर्षी जानेवारीचे पहिले दोन आठवडे माझे रात्री झोपायचे वांदे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७७ साली थिएरी साबीन नावाचा फ्रेंच माणूस दुसऱ्याच एका रॅलीत मोटरसायकलवरून आफ्रिकेच्या वाळवंटात हरवला. मरता मरता वाचला आणि घरी येऊन म्हणाला काय, तर चला, सगळ्यांनाच तिकडं घेऊन जाऊ. लगेच २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसमधून १८२ गाड्या निघाल्या, सेनेगलच्या डकारला पोचल्या ७४. पहिला आला सिरिल नवू, यामाहाच्या ५०० सीसी गाडीवर. साबीन पुढं १९८६ मध्ये ह्याच रॅलीत मालीमध्ये हेलिकॉप्टर पडून गेला. अतिरेक्यांच्या भीतीनं २००८ ची रॅली रद्द झाली, मग २००९ पासून दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात. म्हणजे डकार रॅली आता डकारला जातच नाही, तरी नाव तेच. आमच्याकडं पण गाव सोडून चाळीस वर्षं झालेला माणूस आडनावापुढं गावाचं नाव लावतो, तसं आहे हे.

रोज चारशे चारशे किलोमीटरची स्टेज, म्हणजे घड्याळ लावून पळायचा टप्पा, वर ये-जा वेगळी, जवळजवळ दोन आठवडे. आणि मोटरसायकलवाल्याला शेजारी बसून रस्ता सांगणारा कोणी नाही. कारमध्ये नेव्हिगेटर असतो. मोटरसायकलवर चालवायचं पण आपणच आणि वाचायचं पण आपणच. मला ह्यातलं वाचायचं हेच जास्त भारी वाटायचं, स्पीडपेक्षा. ते ११०-१२० नं वाळूत जाताना मान खाली घालून रस्त्याचा कागद वाचतात ओ! मी विश्रामबागच्या रस्त्यावर एका हातानं फोन काढला तरी खड्ड्यात जातो.

तर २०१५ ते आत्तापर्यंत नुसतं बघणं. मधल्या काळात हीरोची टीम निघाली, केरळचा हरिथ नोआ २०२४ ला रॅली-टू, म्हणजे पहिल्या फळीच्या खालच्या गटात पहिला आला आणि एकूणात अकरावा, त्याच वर्षी हीरोकडनं बोट्सवानाचा रॉस ब्रांच दुसरा आला, रिकी ब्राबेकच्या मागं १० मिनिटं ५३ सेकंदांनी. दोन आठवडे गाडी चालवून अकरा मिनिटांचं अंतर, आमच्या दुकानात जीएसटीचं बिल प्रिंट व्हायला एवढा वेळ लागतो. त्या रात्री मी घरी जाहीर केलं की मी पण एकदा जाणार. डकारला नव्हे, तेवढी अक्कल आहे, लाखो रुपयांचा खेळ आहे तो. पण राजस्थानात क्रॉस-कंट्री रॅली होतात, तसल्याच पद्धतीच्या, लहान. तीन दिवसांची एक धरली.

बायको गप्प बसली. मग म्हणाली, "संतोष पडला होता ना?" तिला सगळं माहीत असतं. २०२१ ला चौथ्या स्टेजला तो असा पडला की डॉक्टरांनी त्याला कोमात ठेवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी हीरोचाच पाउलो गोन्साल्विस सातव्या स्टेजला गेला. टोबी प्राइस मागून येत होता, तो रेस सोडून त्याच्याजवळ थांबून राहिला. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवाल्यांची स्टेजच रद्द केली. हे मीच तिला कधीतरी रात्री सांगितलं होतं, डोळे पुसत. म्हणजे माझंच अस्त्र माझ्यावर. मी म्हणलं अगं ते दीडशेनं जातात, मी पन्नासनं. ती म्हणाली, "अहो मग जायचं कशाला?"

ह्याला उत्तर नाही. अजून नाही.

---

गाडी घेतली हीरोची एक्सपल्स २००, जुनी. रॅली किट टाकलं, म्हणजे सस्पेन्शन उंच, पुढं २५० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि मागं २२०. गाडी इतकी उंच झाली की सिग्नलला माझा एकच पाय टेकायचा, तोही अंगठा. आमचे मिस्त्री, वखारभागातले, वीस वर्षं माझी गाडी बघतात, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "शिडी पण देताव का हिच्याबरोबर?" पण मग रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढून त्यांनीच सगळं केलं. इंजिनखाली जाड पत्रा, हँडलवर लोखंडी डबा ज्यात रोडबुक, म्हणजे रस्ता सांगणारी कागदाची सुरळी फिरते, चेन नवीन, एअर फिल्टर दोन जादा. डकारवाले टायरमध्ये ट्यूब घालत नाहीत, आख्खं फोमचं कडं घालतात, पंक्चर हा विषयच संपला. आम्ही जाड ट्यूब घातली आणि टायर रिमवरून सरकू नये म्हणून लॉक.

प्रॅक्टिस कुठं करायची हा प्रश्न. सांगलीत वाळवंट कुठलं? आमचं गाव पाण्यात बुडायला प्रसिद्ध. आम्ही पावसाळ्यात एकमेकांना कसा आहेस विचारत नाही, आयर्विन पुलाला किती फूट झालं विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा आमचं दुकान साडेसहा फूट पाण्यात होतं, पंपाच्या दुकानात पाणी, काय बोलायचं. पण त्याच जिल्ह्यात येरळा पण आहे. माण-खटावाकडनं येते, खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. आमचं मूळ गाव तिच्या काठावर, तासगाव तालुक्यात. उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसता पांढरा पट्टा. उपसा होऊन होऊन वाळू संपत आली, तरी आमच्या शिवाराला लागून दीडएक किलोमीटरचं पात्र अजून बरं आहे.

तिथं मी एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेपाचला जायचो. पहिल्या दिवशी सात वेळा पडलो, सातही वेळा सारखाच. वाळूत पुढचं चाक वळवळायला लागलं की माणूस घाबरतो, घाबरला की ॲक्सिलेटर सोडतो, सोडला की सगळं वजन पुढं येतं, चाक रुततं आणि तुम्ही हँडलवरनं पुढं. उलटं करायचं असतं. उभं राहायचं, ढुंगण मागं, गुडघ्यांनी टाकी आवळायची, हात सैल, नजर लांब आणि भीती वाटली की आणखी पिळायचा. गाडीला पुढं वळवळू द्यायचं, ती तिचं बघून घेते. हे डोक्याला कळायला एक दिवस लागतो आणि मनगटाला दोन महिने. हवा पण कमी करायची, मी पंधरा पीएसआयवर चालवायचो, म्हणजे टायर पसरतं.

एकदा गावातला एक म्हातारा काठावर येऊन बराच वेळ बसला. मी पडलो, उठलो, पडलो. शेवटी त्यानं हाक मारली, "कोण म्हणायचं? वाळूचा सर्व्हे हाय काय?" मी म्हणलं नाही हो काका, गाडी शिकतोय. त्यांनी माझ्या केसांकडं बघितलं. "ह्या वयात?" म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात गावात झालं होतं की आण्णांचा थोरला वाळूचा ठेका घेणार हाय.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते एकदाच बघायला आले. काठी टेकत पात्रात उतरले, माझ्या चाकांच्या खुणा बघत चालत गेले, आणि म्हणाले, "चाकोरी सोडून का चालवतोस?"

आता ह्या वाक्याला आमच्या घरात इतिहास आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आण्णा कारखान्याला बैलगाडीनं ऊस घालायचे. आमचं काळं रान, पावसाचा एक शिंतोडा पडला की रस्त्याचं लोणी होतं. तेव्हा त्यांनी मला कासरा हातात देऊन शिकवलेलं पहिलं वाक्य हेच, चाकोरी सोडू नको. चाकोरीत माती दाबून घट्ट झालेली असते, बाजूला गेलास की चाक आसापर्यंत जातं. रात्री अंधारात तर बैलच चाकोरी धरतात, माणसानं झोपलं तरी चालतं. आणि आण्णा सकाळी रस्त्यावरच्या खुणा बघून सांगायचे कुणाची गाडी गेली. आमचा पवळ्या डावा मागचा पाय जरा ओढायचा, त्याची खूण मला पण ओळखू यायची.

मी आण्णांना सांगायला लागलो की वाळूत उलटं असतं. वरचा पापुद्रा वाऱ्यानं, दवानं बसलेला असतो, तो एकदा फुटला की खाली नुसतं पीठ, म्हणून दुसऱ्याच्या खुणेत चाक घालायचं नाही, कोऱ्या वाळूवरनं जायचं. त्यांनी काठीनं माझी खूण आणि शेजारची वाळू दोन्ही टोचून बघितली. दोनदा टोचली. "आसंल," म्हणाले.

---

गाडी गेली बेदाण्याच्या ट्रकमधनं. कोल्ड स्टोरेजमधला माल जयपूरला चालला होता, ड्रायव्हर ओळखीचा, बॉक्सच्या थप्पीमागं गाडी आडवी बांधली. जयपूरहून पुढं टेम्पो. मी रेल्वेनं. घरातल्यांनी बरोबर दिलं दोन किलो बेदाणा आणि जयसिंगपूरचं भडंग. भडंगाचा रेसमध्ये काय उपयोग नाही, पण बेदाणा एक नंबर. जॅकेटच्या खिशात मूठभर टाकला की एका हातानं खाता येतो, वितळत नाही. ते महागडे एनर्जी जेल खाणारे पुण्या-मुंबईचे रायडर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं मागायला आले.

रात्री रोडबुक मिळालं. आता डकारला टॅबलेट झालेत, पण आमच्याकडं अजून कागदच, आणि खरं सांगू, कागदच बरा. एका पानावर चौकटी. चौकटीत डावीकडं किलोमीटर, मध्ये छोटं चित्र, त्याला ट्युलिप म्हणतात, गोळ्यापासून निघायचं आणि बाणाकडं जायचं, उजवीकडं कॅप म्हणजे कंपासचे अंश, आणि धोक्याची उद्गारचिन्हं. एक म्हणजे सांभाळून, दोन म्हणजे खरंच सांभाळून, तीन म्हणजे उतरून बघितलंस तरी तुला कोण हसणार नाही. ती पानं कापून एकापुढं एक चिकटपट्टीनं जोडायची, लांबच लांब सुरळी करायची आणि हँडलवरच्या डब्यात भरायची. रंगीत पेनानं मार्किंग आपलं आपण, डावं निळं, उजवं पिवळं, धोका लाल. धर्मशाळेच्या हॉलमध्ये तीस-चाळीस दणकट बाप्ये मांडी घालून, जीभ बाहेर काढून रंगवत बसलेले. माझ्या पोरीच्या बालवाडीत पण एवढी शांतता नसते.

पहिला दिवस बरा गेला. मागचं टायर एका दगडावर घासलं आणि त्याचं एक बटन, म्हणजे रबराचा ठोकळा, मुळासकट उपटून गेलं. मिस्त्रींना फोन केला, म्हणाले, "एकानं काय होत न्हाई, चालवा." ह्या बटनाचं काम पुढं आहे.

दुसरा दिवस. स्पेशल स्टेज १४० किलोमीटर. सकाळी बोटं आखडलेली, तिकडची थंडी हाडात जाते, आणि अकरा वाजता तीच वाळू तापायला लागते. पहिले साठ किलोमीटर मी स्वतःवर खूश होतो. खेजडी म्हणजे आपली शमी, आक म्हणजे आपली रुई, मधेच ढाणी म्हणजे चार घरांची वस्ती, पोरं हात करतायत. वाळूच्या टेकाडाची वाऱ्याकडची बाजू चढायला घट्ट लागते, हळूहळू चढ असतो, आणि माथ्यापलीकडं एकदम कडा, मऊ. माथ्यावर स्पीडनं जायचं नाही, कारण पलीकडं काय आहे ते आभाळाला माहीत. दुपारी तर आणखी वांदा, सावल्या संपतात आणि चढ-उतार सगळं एकाच रंगाचं सपाट दिसतं, माथा आला हे पोटात गोळा आल्यावरच कळतं.

किलोमीटर ६१.४० ला रोडबुकमध्ये एक गोल होता, टांका. पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी, वर गोल सिमेंटचा कठडा, लोखंडी झाकण. तो बरोबर सापडला. कठड्याचा एक तुकडा फुटलेला होता, तिथं चोच मारणारा एक पक्षी होता, इतकं मला आठवतंय. मी अंगठ्यानं बटन दाबून ट्रिप मीटर, म्हणजे किलोमीटरचा आकडा, रोडबुकशी जुळवलं, डावीकडं कॅप ३१० धरला. पुढं चार किलोमीटरवर दोन खेजड्यांच्या मधनं उजवीकडं, कॅप ३४०.

आणि चार किलोमीटरवर मला समोर दिसल्या खुणा. तीन-चार टायरच्या, ताज्या, सरळ पुढं गेलेल्या. कागद म्हणतोय उजवीकडं, डोळे म्हणतायत सरळ. खेजड्या तर चहूकडंच होत्या, कुठल्या दोन? आता कंपास खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, पण चार माणसं चुकतील का? चार माणसं पुढं गेली तर काहीतरी बघूनच गेली असतील ना. हे जे 'ना' आहे, त्याच्या मागं मी तीन किलोमीटर गेलो.

एका टेकाडावर चढलो तर पलीकडं तिघं थांबलेले. हेल्मेट काढून. एकजण पाणी पीत होता, दोघं भांडत होते. सगळ्यात पुढचा, हरियाणाचा पोरगा, चांगला रायडर, त्याला विचारलं तू इकडं का आलास? तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "भाई, मुझे तो शक था, पर पीछे देखा तो तुम सब आ रहे थे, मुझे लगा सही ही होगा."

मला हसू आवरेना. म्हणजे आम्ही त्याच्या भरवशावर आणि तो आमच्या. आमच्या पतसंस्थेत दोन जामीनदार एकमेकांना जामीन राहिले होते, अगदी तसं.

हसू पाचएक मिनिटात ओसरलं. इंजिन बंद केल्यावर वाळवंटात जी शांतता असते ती मी कधी ऐकली नव्हती, कानात स्वतःचंच रक्त ऐकू येतं. १९८२ ला ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा पोरगा मार्क डकारमध्ये हरवला होता, सहा दिवस, शोधायला विमानं गेली होती. माझ्यामागं कोण विमान पाठवणार? ट्रॅकर होता म्हणा गळ्याशी, त्यावर लाल बटन, दाबलं की माणसं येतात. पण दाबलं की रेस संपली. त्या तिघांचं ठरलं, तिरकं उजवीकडं कापत जायचं, कुठंतरी बरोबर वाट लागेलच. नकाशावर डोकं लावलं तर चूक नव्हतं. मला पण वाटलं जावं. चौघं असलं की धीर असतो.

पण जिथं शेवटचं बरोबर होतं तिथं परत जायचं, हा नियम आम्हाला पहिल्या रात्री सांगितला होता, आणि माझ्या मनात तो टांका एकदम स्वच्छ होता, फुटका कठडा, पक्षी. बाकी कशाचीच खात्री नव्हती. मी म्हणलं मी माघारी जातो. ते म्हणाले सात किलोमीटर? पागल है क्या?

माघारी वळणं फार अवघड असतं ओ. पुढं जाऊन चुकणं सोपं आहे, त्यात निदान जोर दिसतो.

आणि माघारी जायचं कुठनं, तर आमच्या खुणांवरनं. त्यात वारा सुटलेला, वाळूचा धूर जमिनीलगत पळत होता, खुणांच्या कडा विरघळायला लागलेल्या. चार जणांच्या खुणा एकमेकांत गेलेल्या, एका ठिकाणी तर दोन फाटे फुटले, कोणीतरी जाऊन परत आलं असावं. कुठल्या धरायच्या? मी उतरलो. गाडी स्टँडवर राहीना म्हणून आडवी केली आणि गुडघ्यावर बसून बघायला लागलो. आणि मला ते दिसलं. एका खुणेत बटनांची नक्षी, बटन बटन बटन, आणि मग एक जागा रिकामी. दोन मीटर पुढं परत एक रिकामी. परत दोन मीटरवर. माझं उपटलेलं बटन. दर फेऱ्याला एक दात पडलेला, पवळ्यासारखा.

मी एकट्यानं मोठ्यानं "पवळ्या" म्हणालो, हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्या पडलेल्या दाताच्या शेजारनं, चाकोरीत न जाता, कोऱ्या वाळूवरनं पण नजर तिच्यावर ठेवून मी मागं आलो. तीनदा पडलो. दीडशे किलोच्या वरची गाडी, पहिल्यांदा माणूस पायानं उचलतो, दुसऱ्यांदा पाठीनं, तिसऱ्यांदा शिव्यांनी. पाठीवरच्या तीन लिटरमधलं पाणी संपत आलं होतं, नळीतनं नुसता गरम फुसकारा. क्लचचा वास यायला लागलेला.

टांक्याजवळ आता एक मेंढपाळ होता, वीसएक बकऱ्या घेऊन. त्यानं मला बघून काही विचारलं नाही, झाकण उघडून दोरीनं डबा सोडला, पाणी काढलं, आधी मला ओंजळीत ओतलं. ओंजळीतनं थोडं सांडलं. एक बकरी लगेच पुढं आली आणि सिमेंटवर सांडलेलं ते पाणी चाटून घेतलं, जागा कोरडी होईपर्यंत. मी तिच्याकडं बघत राहिलो. साडेसहा फूट पाण्यात दुकान बुडालेला माणूस मी, आणि मला दुसरी ओंजळ मागायची लाज वाटली. त्यानं स्वतःच ओतली. मी खिशातला बेदाणा दिला, त्यानं एक तोंडात टाकला, बाकीचा फेट्याच्या टोकात बांधला.

ट्रिप मीटर ६१.४० वर आणलं. कॅप ३१०. चार किलोमीटर. दोन खेजड्या, त्यातल्या एकीला खालच्या फांद्या नाहीत, चाऱ्याला छाटलेल्या, ते चित्रात तसंच होतं की! सकाळी मी चित्र बघितलंच नव्हतं, माणसं बघत होतो. उजवीकडं ३४०.

स्टेज संपवली तेव्हा मार्शल तंबूच्या दोऱ्या सोडायला लागले होते. वेळेची पेनल्टी बसली, पण बाद झालो नाही. त्या तिघांपैकी दोघं स्वीपच्या, म्हणजे मागं राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या ट्रकवर आले. आणि तिसरा, तो हरियाणाचा पोरगा, तिरका कापत जाऊन माझ्या आधी वीस मिनिटं पोचला होता. चहा पीत बसलेला, मला बघून हात केला. आता काय बोलणार.

तिसऱ्या दिवसाचं विशेष काही नाही. संपली रॅली, मी खालून तिसरा.

बिकानेरच्या बाजारात ब्रेकची केबल शोधत फिरत होतो, पाटी बघितली, सोने-चांदी गलाई. पाय आपोआप आत गेले. खानापूर-आटपाडी-तासगावची माणसं भारतभर हा धंदा करतात हे माहीत असतं, पण ॲसिडचा वास, भट्टी, आणि भट्टीमागनं "या की, कुठलं म्हणायचं?" असं ऐकलं की डोळ्यात पाणी येतं, त्या ॲसिडनं असेल. विट्याकडचा माणूस, चौतीस वर्षं तिथं. चहा सांगितला. सगळी हकिकत ऐकून घेतली, हरवलो, टांका, पेनल्टी, सगळं. मग विचारलं, "बक्षीस किती हाय?"

"काय नाही."

"एंट्री फी?"

सांगितली. त्यानं भट्टीतल्या मुशीकडं बघत मान हलवली, बराच वेळ. मग पोराला म्हणाला, ह्यांना आणखी एक चहा दे.

---

गावाकडं गेलो तेव्हा रोडबुक बरोबर नेलं होतं. आण्णांनी रॅलीबद्दल काही विचारलं नाही, बागेचं सांगत होते, मण्यांना तडे गेलेत, दलाल भाव पाडतोय. जेवण झाल्यावर म्हणाले, तो कागद बघू. मी दुसऱ्या दिवसाची सुरळी सोप्यात उलगडली. उंबऱ्यापासनं जी सुरू झाली ती पार तुळशीकट्ट्यापर्यंत गेली. वाऱ्यानं उडायला लागली तशी त्यांनी एका टोकाला अडकित्ता ठेवला आणि एका टोकाला स्वतःची चप्पल. मग चष्मा लावून, हात मागं बांधून, वाकून, एकेक चौकट बघत चालत गेले. निळं म्हणजे डावं, पिवळं म्हणजे उजवं, एवढंच मी सांगितलं.

साठ-एकसष्ट किलोमीटरपाशी थांबले. तिथं कागद मळलेला होता, घामाच्या अंगठ्यानं दोनदा दाबून शाई फिसकटलेली. त्यांनी खाली बसून त्या गोलावर बोट ठेवलं.

"ही हीर हाय का?"

"टांका म्हणतात. पावसाचं पाणी साठवतात."

"हितनं माघारी आलास."

"हितनं नाही आण्णा, हितं माघारी आलो."

ते बोट तिथंच ठेवून बसले. "खोल किती हाय?" म्हणाले.